नास्तिक कोणाला म्हणावे?

शास्त्रवाचन : स्तोत्र १४, इफिस २:११-२२, योहान २०:२४-२९



आमच्या मंडळीतील एक तरुण उपासनेला येईनासा झाला. "माझा मुलगा नास्तिक झाला का हो?" असे त्याच्या आईने पाळकसाहेबांना रडत विचारले. तो मात्र मला म्हणाला, "काका, देव नाही असे मी म्हणत नाही. माझा विश्वास बसत नाही, एवढेच." शब्द एकच, पण आई त्याने घायाळ झाली होती, आणि मुलाला तो आपला वाटत नव्हता.

हा वाद विद्वानांतही आहे. काहींच्या मते, जो देवाचे अस्तित्व नाकारतो तोच नास्तिक. उलट इंग्रज तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी १९७० च्या दशकात असे मांडले की, ज्याच्या ठायी देवावरचा विश्वास नाही, त्यालाही नास्तिक म्हणावे. नकार सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर नाही. आपल्या देशात तर हा शब्द निराळ्याच वाटेने आला. पाणिनीच्या सूत्राचा अर्थ सांगताना टीकाकारांनी परलोक न मानणाऱ्यास नास्तिक म्हटले, मनुस्मृतीने वेदनिंदकास. म्हणूनच जगाचा कर्ता ईश्वर न मानणारी सांख्य व मीमांसा ही दर्शने आस्तिक गणली गेली, आणि जैन व बौद्ध नास्तिक ठरले.

भाषांतरकाराला अशा शब्दापाशी थांबावेच लागते. 'अथेऑस' हा ग्रीक शब्द नव्या करारात एकदाच येतो, इफिस २:१२ मध्ये. पौल तो कोणाला लावतो? ज्यांच्या नगरात अर्तमीचे भव्य मंदिर होते, ज्यांना देवदेवतांची वाण नव्हती, त्यांना! तेथे 'नास्तिक' हा शब्द चालणार नाही; 'देवविरहित' हाच योग्य. पुढे काळाचे चक्र फिरले. दुसऱ्या शतकात स्मुर्ण्यात वृद्ध पॉलिकार्पला ज्या जमावाने मृत्यूकडे लोटले, त्याने ख्रिस्ती लोकांनाच नास्तिक ठरविले होते. कारण ते नगराच्या देवांना भजत नसत. हे नाव एके काळी आपल्याच कपाळी मारले गेले होते, हे आपण विसरू नये.

मग देव नाही असे मनात म्हणणारा स्तोत्र १४ मधील मूढ कोण? मूळ इब्री शब्द आहे 'नाबाल'. याच नावाचा एक धनवान मनुष्य १ शमुवेल २५ मध्ये भेटतो. त्याने देवाविरुद्ध वाद घातला नाही. भुकेल्या दाविदाच्या माणसांना भाकर नाकारली आणि घरी राजासारखी मेजवानी झोडली. स्तोत्रातील दुष्कर्मीही देवाच्या लोकांना भाकरीसारखे खातात. तेव्हा हे स्तोत्र तर्काने अडलेल्या तरुणाविषयी नाही. देव पाहत नाही अशा हिशेबाने जगणाऱ्याविषयी ते आहे. आणि तो मनुष्य रविवारी पहिल्या बाकावरही बसलेला असू शकतो. तो मी तर नाही ना?

आता थोमाकडे पाहा. विश्वास ठेवणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. तरीही आठ दिवसांनी तो शिष्यांबरोबर त्याच घरात होता. त्यांनी त्याला नाव ठेवून बाहेर काढले असते, तर प्रभू आला तेव्हा तो कोठे असता? दारे बंद होती. परंतु थोमा दाराच्या आत होता.

त्या आईला मी एवढेच सांगितले : बाई, मुलाला नाव देण्याची घाई करू नका. त्याचे ताट वाढत जा, त्याचे प्रश्न ऐकत जा, आणि त्याच्यासाठी गुडघे टेका. व्याख्या माणसे करतात. हृदय परमेश्वर पारखतो.

हे प्रभो, आमच्या ओठांवर तुझे नाव असून आमचे जिणे तुझ्याविना असेल, तर आम्हांला क्षमा कर. जे शंकेत आहेत, त्यांच्यासाठी आमच्या घरात जागा राहू दे. आमेन.