वादळाची नोंद कोण ठेवते?

आम्ही राहतो त्या टॅम्पिनीसमधून समुद्र दिसत नाही, पण पायाखाली वाळू पुष्कळ आहे. ती वादळाने नव्हे, प्राचीन नद्यांनी आणलेली. १९६६ पासून सिंगापूरच्या पूर्व किनाऱ्यावर भराव पडला, तेव्हा याच बाजूच्या टेकड्या खोदून माती समुद्रात लोटली. त्या नव्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला बरे वाटते. पण त्याला स्वतःची अशी आठवण नाही.

खऱ्या किनाऱ्याचे तसे नसते. रोजच्या संथ लाटा बारीक वाळू वर सारतात. वादळाची लाट शिंपले, पोवळ्यांचे तुकडे, गोटे उचलून बांध रचते. पाणी बांध ओलांडून मागच्या खाजणात शिरले की काळ्या चिखलावर वाळूचा पातळ थर बसतो, आणि पुढे वर्षानुवर्षे त्यावर पुन्हा चिखल साचतो. शिंपल्यांतील कार्बनवरून अशा थरांचे आणि बांधांचे वय काढता येते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या बांधांवरून नॉट व हेन यांनी २००१ साली ५,००० वर्षांचा हिशेब मांडला. लेखी नोंदींवरून दुर्मिळ वाटणारी महावादळे प्रत्यक्षात कितीतरी पटींनी अधिक वेळा आली होती! त्याच वर्षी २७ डिसेंबरला ‘वामेई’ वादळ आमच्या शेजारी जोहोरवर आदळले. विषुववृत्तापासून अवघ्या दीड अंशावर असे घडेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

मग माणसाच्या आठवणीवर विश्वास किती ठेवावा? आपल्या समाजाची गोष्ट तर वादळापासूनच सुरू होते. नवगावजवळ गलबत फुटले, सात जोडपी वाचली, बुडालेल्यांना तेथेच पुरले, हे आपण आजीच्या तोंडून ऐकले. ते केव्हा घडले, याबद्दल मात्र जितकी तोंडे तितकी शतके. त्या एका रात्रीचा थर कोणाला वेगळा काढता येईल, असे आम्हांस वाटत नाही. मोठे वादळ आधीच्याचा बांध खाऊन टाकते. त्याच रायगडच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ येऊन गेले. शिवाय वाळू वादळ आले एवढेच सांगते, कोण बुडाले ते नाही. म्हणून पुरावा नाही एवढ्यावरून गोष्ट खोटी ठरवणे आम्हांस मान्य नाही, आणि गोष्ट लाडकी म्हणून तिला साल चिकटवणेही नाही.

खाजणातला तो थर टिकतो, तो नंतरच्या चिखलामुळे. वादळ काही तासांचे, चिखल शतकांचा. आपलीही शतके घाण्याभोवती गेली: तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. अश्दोदला, लोदला, दिमोनाला नातवंडांना आपण गलबत सांगतो. घाणा कोण सांगतो? ज्यांनी घाणा पाहिला, निदान ज्यांनी पाहिलेल्यांकडून ऐकला, त्यांनी तो कोणत्या गावी होता, तेल तिळाचे की खोबऱ्याचे, बैल कोणाचा, एवढे तरी लिहून ठेवावे. पेणकर, रोहेकर, किहीमकर यांना गाव शोधायला लांब जावे लागणार नाही. ते आडनावातच आहे.