माझी शंका कॅथलिकच आहे

गर्भनिरोधनाला मोकळीक द्यावी अशी शिफारस खुद्द पोपनी नेमलेल्या आयोगाने केली होती, हे मला कळलं तेव्हा आईची नसबंदी होऊन बरीच वर्षं लोटली होती. वसईतल्या आमच्यासारख्या कॅथलिक घरांत हा विषय मोठ्याने बोलायचा नसतो. चौथ्या बाळंतपणानंतर सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि अंगात ताकद आल्याबरोबर आई पुन्हा रविवारच्या मिस्सेला जाऊ लागली. पापनिवेदनात तिने ते सांगितलं का, हे मी कधी विचारलं नाही. आजीच्या पिढीत आठ-दहा भावंडं, आमच्या पिढीत तीन-चार, आता एक किंवा दोन. हा उतार नुसते पाळीचे दिवस मोजून आला, असं आमच्या आळीतला सर्वांत भाविक माणूससुद्धा म्हणणार नाही.

तेव्हा माझ्या शंकेची सुरुवात गर्भनिरोधनापासून झाली, गर्भपातापासून नव्हे. ख्रिस्तसभेच्या शिकवणीत हे दोन विषय एकाच गाठीत बांधलेले आहेत. ती गाठ सुटी करायलाच माझी निम्मी वर्षं गेली.

मुंबईत र. धों. कर्वे १९२१पासून संततिनियमनाचं काम करत होते, त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावून बसले आणि १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते. तिकडे १९३०मध्ये अँग्लिकन बिशपांनी लँबेथ परिषदेत काही अटींवर गर्भनिरोधनाला संमती दिली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोप अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोनुबिई’ या परिपत्रकातून ठणकावून सांगितलं की, कॅथलिकांना ते मान्य नाही. पुढे १९५१मध्ये बाराव्या पायस यांनी इटलीतल्या सुइणींसमोर बोलताना एक खिडकी उघडली: गंभीर कारण असेल तर पती-पत्नींनी अवंध्य दिवस टाळायला हरकत नाही. म्हणजे मूल न होऊ देण्याचा हेतू चालतो, साधन तेवढं चालत नाही! कॅलेंडर नैसर्गिक आणि गोळी कृत्रिम. एकात शरीररचनेचा मान राखला जातो, दुसरीत तो मोडला जातो, असं त्याचं समर्थन. मी ते पुष्कळदा वाचलं, समजूनही घेतलं. पटलं मात्र नाही.

पोप तेविसावे जॉन यांनी १९६३मध्ये तो आयोग नेमला, सहावे पॉल यांनी तो वाढवला. त्यात डॉक्टर आले, धर्मशास्त्री आले, मोजकी विवाहित जोडपीही आली. अमेरिकेतल्या क्राउली दांपत्याने जगभरच्या कॅथलिक जोडप्यांची पत्रं आयोगापुढे ठेवली. दिवस मोजण्याच्या पद्धतीने संसारात काय ताण येतात, ते या पत्रांतून भाविक बायका पहिल्यांदाच रोमला सांगत होत्या. १९६६मध्ये शेवटी मत देणाऱ्या बिशपांपुढे प्रश्न होता, गर्भनिरोधन हे मुळातच पाप आहे का? नऊ जण ‘नाही’ म्हणाले, तिघे ‘हो’, तिघे तटस्थ. विरोधकांचा खरा मुद्दा शरीरशास्त्राचा नव्हताच. आज आपण मोकळीक दिली तर १९३०मध्ये आपण चुकलो होतो असं ठरेल, आणि मग आपलं कोण ऐकेल, ही त्यांची भीती होती. २५ जुलै १९६८ रोजी सहावे पॉल यांनी ‘ह्यूमाने विते’ या परिपत्रकावर सही केली आणि तिघांची बाजू शिकवण ठरली. हेच पॉल १९६४च्या डिसेंबरात मुंबईच्या युकॅरिस्टिक काँग्रेसला आले होते. त्यांना पाहायला आमच्या वसईहूनही माणसं गेली होती.

माझ्या मनातला अधिकाराचा धाक गेला तो या इतिहासामुळे. अधिकार गेला असं मी म्हणत नाही. कॅनडाच्या बिशपांनी १९६८च्या सप्टेंबरात विनिपेगमध्ये जाहीर केलं की, प्रामाणिक प्रयत्न करूनही ज्यांना हे पटत नाही त्यांनी स्वतःला ख्रिस्तसभेबाहेर समजू नये. मला तेवढी जागा पुरली.

गर्भपाताशी येऊन मात्र माझं पाऊल अडखळलं आणि अजून अडखळतं. इथे दुसरा जीव आहे. आरंभीच्या ख्रिस्ती लेखनातला ‘दिदाखे’ हा ग्रंथही गर्भपात निषिद्ध मानतो. तो निषेध कधीच उठला नाही. बदलत गेलं ते त्यामागचं कारण. संत थॉमस अक्विनास अॅरिस्टॉटलच्या मागे जाऊन मानत की, मानवी आत्मा गर्भात पहिल्या दिवशी येत नाही. अॅरिस्टॉटलच्या हिशेबाने मुलाला ४० दिवस लागतात आणि मुलीला ९०. (मुलींना तिथेही थांबायला लावलं होतंच!) पोप पाचव्या सिक्स्टस यांनी १५८८मध्ये कोणत्याही टप्प्यावरच्या गर्भपाताला मनुष्यहत्येची शिक्षा लावली. चौदाव्या ग्रेगरींनी १५९१मध्ये ती आत्मा आलेल्या गर्भापुरती मर्यादित केली. नवव्या पायस यांनी १८६९मध्ये हा भेद शिक्षेतून काढून टाकला. आत्मा नेमका कधी येतो, हा प्रश्न व्हॅटिकनच्या १९७४च्या निवेदनानेही उघडाच ठेवला. संशय असेल तर जीव आहे असंच धरून चाला, हा त्यातला युक्तिवाद मला आजही वजनदार वाटतो.

आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या बाईला गर्भपात ही सरळसोट स्वातंत्र्याची गोष्ट वाटणं अवघड आहे. गर्भपाताला मुभा देणाऱ्या १९७१च्या कायद्याने चोरून गर्भपात करताना मरणाऱ्या बायका वाचवल्या. त्यापाठोपाठ गर्भलिंग ओळखण्याची तंत्रं आली. गर्भलिंगनिदानाला लगाम घालणारा देशातला पहिला कायदा १९८८मध्ये आपल्या राज्याला करावा लागला, तरी २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली उरल्या ८९४. मुलीच्या गर्भाच्या कितीतरी गर्भपातांना बाईची ‘संमती’ होती. ती संमती सासूची, नवऱ्याची की तिची, हे त्या घरालाच ठाऊक. गर्भाचं मोल एकदा घटलं की आधी कोणाचं घटतं, याबद्दल ख्रिस्तसभेने दिलेला इशारा इथे खरा ठरला, हे मी माझ्या पुरोगामी मित्रांना ऐकवते. त्यांना ते आवडत नाही.

पण मग २८ ऑक्टोबर २०१२. बेळगावची सविता हलप्पनवार, वय ३१, दंतवैद्य, आयर्लंडमधल्या गॉलवेत वारली. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तिने आणि नवऱ्याने गर्भपाताची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू होते म्हणून ती नाकारली गेली. जंतुसंसर्गाने ती गेली. हा कॅथलिक देश आहे, असं आपण तिला म्हटल्याचं तिथल्या एका परिचारिकेने चौकशीत कबूल केलं. सविता कॅथलिक नव्हती. अशा वेळी आईवर उपचार करायला आमची शिकवण आडवी येत नाही, असं धर्मशास्त्री सांगतात, आणि ग्रंथात पाहिलं तर ते बरोबरही आहे. मात्र आईच्या आणि गर्भाच्या जगण्याचा हक्क १९८३मध्ये तिथल्या राज्यघटनेत सारखा लेखला गेला, तेव्हा खाटेजवळच्या डॉक्टरला ग्रंथापेक्षा तुरुंग जवळचा वाटला. आयरिश मतदारांनी २५ मे २०१८ रोजी ६६.४ टक्के मतांनी ते कलम काढलं. त्यांत मिस्सेला जाणारेही पुष्कळ होते.

तिथे माझं मत ठरलं. गर्भपात मला आजही गंभीर नैतिक गोष्ट वाटते, मैत्रिणीने सल्ला मागितला तर मी ते लपवणार नाही. पण पाप आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या कायद्याने सगळेच दुर्गुण निषिद्ध करू नयेत, हे मी म्हणत नाही, अक्विनासच म्हणतात.

समलैंगिकतेच्या प्रश्नावर मला इतका वेळ लागला नाही. ख्रिस्तसभेचा १९९२चा धर्मशिक्षणग्रंथ समलैंगिक कृतींना ‘मुळातच विकृत’ म्हणतो आणि पुढच्याच परिच्छेदात त्या माणसांना आदराने वागवायला सांगतो. आपल्या ओळखीच्या अशा मुलाला ही दोन वाक्यं लागोपाठ वाचून दाखवावीत आणि त्याचा चेहरा पाहावा. मुंबईचे कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशस यांनी २०१३मध्ये अशा लोकांना गुन्हेगार ठरवायला विरोध केला, २०२३च्या डिसेंबरात व्हॅटिकनने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. पाऊल लहान आहे, दिशा बरोबर आहे.

शिकवण बदलत नसते, असं मला सुनावणाऱ्यांना मी व्याजाची आठवण करून देते. कर्जावर व्याज घेणं शतकानुशतकं पाप होतं, आज डायोसीझचीही बँकेत ठेव असते. मृत्युदंड धर्मशिक्षणग्रंथात २०१८पर्यंत क्वचित का होईना मान्य होता, आता अमान्य आहे. व्याजाचा हा इतिहास लिहिणारे जॉन नूनन गर्भनिरोधनावरच्या त्या आयोगाचे सल्लागार होते, हा योगायोग नव्हे. शिकवण वाढते कशी, यावर १८४५मध्ये पुस्तक लिहिणारे आणि सदसद्विवेकबुद्धीला पोपच्याही आधी मान देणारे जॉन हेन्री न्यूमन २०१९मध्ये संत झाले. तेव्हा माझी शंका मी बाहेरून आणलेली नाही, ती याच घरातली आहे.

ऑक्टोबर २०२३च्या सिनोडमध्ये, म्हणजे व्हॅटिकनमधल्या बिशपांच्या सभेत, स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिलं. आमच्या धर्मग्रामांतल्या विवाहपूर्व शिबिरांत अजून त्या आयोगाच्या १९६६च्या अहवालाचा साधा उल्लेखही मी ऐकलेला नाही. धर्मगुरूंना माझी विनंती एवढीच की, तो अहवाल आणि ‘ह्यूमाने विते’ शेजारी शेजारी ठेवून त्या तरुण जोडप्यांना वाचू द्या, आणि मग त्यांना काय वाटतं ते बसून ऐका.