कळून-सवरून दचकणारा प्रेक्षक

भयपट आणि विज्ञानपट यांचा चाहता म्हणजे सगळ्या प्रेक्षकांतला भाबडा प्रेक्षक, असा समज सुशिक्षित वर्तुळात अजून टिकून आहे. ज्याचा भुतावर विश्वास तो भूतपटाला जातो, ज्याला विज्ञानाची इयत्ता झेपली नाही तो परग्रहावरच्या गोष्टींत रमतो, असे त्यामागचे गृहीतक असते. प्रत्यक्षात चित्र उलटे दिसते. पडद्यावरचे रक्त रंगाचे आहे, राक्षसाच्या मुखवट्याआड एक उंच नट उभा आहे, ही माहिती चाहत्याला इतरांहून जास्त असते. तोच सिनेमा तो पुन्हा पाहतो, दार कधी करकरणार हे त्याला पाठ असते आणि तरीही तो दचकतो. हा आनंद जाणतेपणावर उभा असतो. मराठी मुलखात या जाणतेपणाची तालीम सिनेमाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. तिचा एक ठळक नमुना धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावाच्या कथेत सापडतो.

तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमन काळातल्या सागरी व्यापाराच्या नोंदींत या गावाचे नाव येते आणि इथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू मांडलेल्या आहेत. वारकऱ्यांसाठी मात्र तेर हे गोरोबाकाकांचे गाव. महिपतीने १७६२ मध्ये रचलेल्या ‘भक्तविजया’तून आणि त्याहून अधिक कीर्तनांतून गोरा कुंभाराची कथा घरोघरी पोचली. गोरोबा विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडवत आहेत. पत्नी पाण्याला गेली आहे. रांगते मूल चिखलाच्या दिशेने येते आणि बापाच्या पायांखाली तुडवले जाते. पुढे पत्नीने घातलेली विठ्ठलाची शपथ येते, शपथ मोडली म्हणून गोरोबा स्वतःचे हात तोडून टाकतात आणि शेवटी पंढरपुरात, नामदेवांच्या कीर्तनात, त्यांना हात फुटतात व मूल रांगत परत येते.

यातली चिखलाची जागा जवळून पाहण्यासारखी आहे. जाणता कीर्तनकार तिथे घाई करत नाही. मूल एक हात पुढे टाकते, मग दुसरा. इकडे पाय एका लयीत पडत राहतात. काय होणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत असते, फक्त गोरोबांना माहीत नसते. उत्कंठेचे सारे बळ याच तफावतीत आहे. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतीत हेच तंत्र टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावले होते. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही क्षण हादरतो. पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले आणि टेबलाभोवतीची माणसे बेसावध गप्पा मारत राहिली, तर तोच प्रेक्षक कितीतरी वेळ खुर्चीच्या टोकावर बसतो. शेवट ठाऊक असल्याने भीती ओसरत नाही, उलट वाढते. म्हणूनच ही कथा दरवर्षी ऐकली तरी शिळी होत नाही. ती मराठीपुरतीही राहिली नाही. १९७४ च्या ‘भक्त कुंभार’ या कन्नड चित्रपटात राजकुमार यांनी हाच कुंभार रंगवला.

इथे एक भेद मात्र राखायला हवा. कीर्तनातला श्रोता श्रद्धेने ऐकतो आणि कथेचा शेवट त्याच्यासाठी कृपेचा असतो. भयपटाच्या चाहत्याला अशी श्रद्धा लागत नाही. दोघांत समान आहे ती ऐकण्या-पाहण्याची रीत: ठाऊक असलेल्या भयाला पुन्हा सामोरे जाणे, तेही चारचौघांत बसून.

ही रीत भारतीय काव्यशास्त्राला अपरिचित नव्हती. भरताने नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांत भयानक, बीभत्स आणि अद्भुत असे तीन रस आहेत. म्हणजे भयपट-विज्ञानपटांचा जवळजवळ सगळा ऐवज त्यात येतो. अभिनवगुप्ताने भयानक रसाच्या चर्चेसाठी ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातले, दुष्यंताच्या बाणापुढे मान वळवून मागे पाहत धावणारे हरीण निवडले. त्या हरणाचे भय पाहताना प्रेक्षक स्वतःसाठी भीत नाही आणि खऱ्या हरणासाठीही भीत नाही. भय कुणा एकाचे उरत नाही, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. जे माणूस प्रत्यक्षात टाळतो तेच पैसे मोजून का पाहतो, हा पेच पाश्चात्त्य चर्चेत नोएल कॅरल यांनी १९९० मध्ये ‘द फिलॉसॉफी ऑफ हॉरर’ या ग्रंथात मांडला. त्यांचे उत्तर कुतूहलाकडे झुकते: जे ज्ञात वर्गवारीत बसत नाही, त्याचा छडा लागावा म्हणून प्रेक्षक किळस सोसतो. अभिनवगुप्ताचे उत्तर आस्वादाचे आहे, कॅरल यांचे शोधाचे. चाहत्याच्या ठायी दोन्ही एकत्र नांदतात.

सिनेमा भारतात आला तो चमत्कार म्हणूनच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिल्म्स दाखवल्या गेल्या, त्यांत स्थानकात शिरणारी आगगाडीही होती. ती पाहून युरोपातले प्रेक्षक जीव मुठीत धरून पळाले, अशी दंतकथा आहे. अभ्यासक टॉम गनिंग यांनी ती १९८९ मध्ये खोडून काढली. त्यांच्या मते त्या प्रेक्षकाला गाडी खोटी आहे हे कळत होते आणि इतके खरे दिसणारे खोटे कुणीतरी घडवू शकते, याचेच त्याला नवल वाटत होते.

दादासाहेब फाळके यांची वाट याच नवलातून जाते. ते हौशी जादूगार होते आणि आडनावाची अक्षरे उलटसुलट करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करत. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये झळकण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून एक छोटी फिल्म केली. दिवसेंदिवस चाललेली अंकुराची हालचाल पडद्यावर झरझर घडताना दिसली. तिच्यात देव नाही, राक्षस नाही. आहे फक्त काळाचा वेग बदलणारे यंत्र. मराठी विज्ञानपटाचे मूळ शोधायचे तर ते या कुंडीत सापडेल. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांत त्यांनी अशा करामती पौराणिक कथांसाठी वापरल्या. ‘कालिया मर्दन’च्या आरंभी फाळक्यांची मुलगी मंदाकिनी स्वतःच्या रूपात येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवते आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. म्हणजे प्रेक्षकाला आधी मुलगी दाखवली जाते आणि नंतर देव. फाळक्यांनी युक्ती लपवली नाही, उलट तिचीच जाहिरात केली. एवढे करूनही कालियाच्या डोहातले दृश्य फिके पडत नाही. सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी स्वतंत्र फिल्मही त्यांनी काढली होती.

प्रभात कंपनीने ही कला आणखी पुढे नेली. ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) व्ही. शांताराम यांनी क्रूर राजगुरूच्या डोळ्याचे अगदी जवळून घेतलेले दृश्य वापरले. एकटा डोळा पडदाभर पसरला की भुताची गरज उरत नाही. दामले आणि फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) चमत्कारांची दृश्ये इतक्या साधेपणाने बसवली आहेत की त्यांतली तांत्रिक कसरत जाणवत नाही. फाळक्यांच्या सिनेमात युक्ती पुढे येऊन उभी राहते, प्रभातमध्ये ती कथेत मुरते. चाहत्यांच्या आवडीही पुढे याच दोन वाटांनी विभागल्या गेल्या.

गावोगावच्या प्रेक्षकापर्यंत हा सिनेमा पोचला तो जत्रांतल्या तंबूंतून. टुरिंग टॉकीजचा ट्रक, कापडी तंबू, जमिनीवर बसलेले लोक आणि प्रोजेक्टरची घरघर, हे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातले अनेक पिढ्यांचे चित्रपटगृह. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात त्याचा अखेरचा काळ नोंदला गेला आहे. पुढे भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि गणपतीत चौकात लावलेला पडदा आला. अशा ठिकाणी रामसे बंधूंचे भयपट हमखास चालत. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) पर्यंत त्यांचा साचा ठरलेला होता: जुना वाडा, शाप, वादळी रात्र, थडग्यातून उठणारा राक्षस. समीक्षकांनी त्यांना हिशेबात धरले नाही. पण तंबूतला प्रेक्षक राक्षस दिसण्याआधीच आरडाओरडा करी आणि दिसल्यावर हसे. ही दोन्ही कामे तो शेजाऱ्यासोबत करी. अमेरिकेत ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’च्या मध्यरात्रीच्या खेळांना १९७६ पासून लोक वेशभूषा करून येऊ लागले आणि पडद्याला उत्तरे देऊ लागले, त्याची ‘कल्ट’ म्हणून जगभर नोंद झाली. जत्रेतल्या प्रेक्षकाने हेच केले, पण त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

कल्ट सिनेमा कशाने घडतो, याचे एक उत्तर उम्बेर्तो एको यांनी ‘कासाब्लांका’वरच्या निबंधात दिले आहे. असा सिनेमा सुटा करता यावा लागतो. चाहत्याला त्यातले तुकडे, वाक्ये, लकबी वेगळ्या काढून खिशात घालता याव्या लागतात. सर्वांगसुंदर, एकसंध कलाकृतीला हे भाग्य क्वचितच लाभते. महेश कोठारे यांचे सिनेमे या कसोटीला पुरेपूर उतरतात. ‘धडाकेबाज’मधला (१९९०) मुखवटाधारी कवट्या महाकाळ कथेतून केव्हाच बाहेर पडून गप्पांत आणि मीममध्ये राहायला आला आहे. त्याहून मोठे उदाहरण ‘झपाटलेला’चे (१९९३). ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी भयपटाची कल्पना घेऊन कोठाऱ्यांनी तात्या विंचू या गुंडाचा आत्मा बाहुल्यात घातला. बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी, आणि इथेच गंमत आहे. पाध्ये आणि त्यांचा अर्धवटराव मराठी घरांना ओळखीचे होते. बोलक्या बाहुल्यामागे शब्दभ्रमकार असतो हे पोरासोरांनाही माहीत होते. त्याच हातांतून आलेला बाहुला एकटा चालू लागला, मान वळवून बघू लागला, आणि ओळखीची वस्तू परकी झाली. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चेहऱ्यावरची भीती विनोदी होती, तरी बाहुल्याची नजर विनोदी नव्हती. हसू आणि भय एकाच दृश्यात ठेवण्याची ही रीत मराठी पडद्याने स्वतःची करून घेतली. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) आणि ‘भुताचा भाऊ’ (१९८९) हे त्याच घराण्यातले.

निखळ भय पडद्यावर यायला मात्र वेळ लागला. कागदावर ते केव्हाच आले होते. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठी वाचकाला पश्चिमेतल्या भयकथेची ओळख करून दिली. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आणि भयकथांना वाहिलेले दिवाळी अंक यांनी ही भूक जिवंत ठेवली. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ची (२०१८) बीजकल्पना धारपांच्या कथेतून आली, तर नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. सिनेमा हिंदीत असला तरी कोकणातला पाऊस, पडका वाडा, सोवळे-ओवळे आणि खोतीची हाव हे सारे मराठी आहे. हस्तर या शापित देवपुत्राला कणकेच्या बाहुलीने भुलवायचे आणि तो ती खात असताना त्याच्या कमरेचे सोने लुटायचे, असा त्यातला खेळ आहे. नियम एकदा कळला की पुढची प्रत्येक फेरी प्रेक्षक नियम मोडण्याच्या धास्तीत पाहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हा सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. ज्यांनी तो घरी पडद्यावर पाहिला होता त्यांतले अनेक जण शेवट माहीत असताना चित्रपटगृहात गेले.

विज्ञानपटाचा आनंदही नियमाचाच, पण त्याची दिशा वेगळी. भयपट विचारतो, नियम मोडला तर काय. विज्ञानकथा विचारते, नियम थोडा पुढे ताणला तर काय. मराठीत या प्रश्नाला उत्तम लेखक मिळाले. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून पाठवली आणि ती बक्षीसपात्र ठरली. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे यांनी तो प्रवाह वाहता ठेवला. पडद्यावर मात्र ‘फुंतरू’ (२०१६) सारखे मोजकेच प्रयत्न झाले. याचे कारण खर्चाचे आहेच. कथेत एका वाक्यात उभे राहणारे अंतराळस्थानक पडद्यावर बांधावे लागते. दुसरे कारण सवयीचे. मराठी पडद्याने अद्भुताची जागा पुराण, संतचरित्र आणि भूत यांना आधीच देऊन टाकली होती. फाळक्यांच्या वाटाण्याने दाखवलेली स्वस्त आणि मस्त वाट मागेच राहिली.

या सगळ्या आवडीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो: भूतपट अंधश्रद्धा पोसतात. ज्या राज्यात नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. पण महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्वतःची पद्धतच इथे उपयोगी पडते. समितीचे कार्यकर्ते गावात चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती उलगडतात. आधी नवल, मग उलगडा. बुवा आणि भयपट यांतला फरक इथे स्पष्ट होतो. बुवा युक्ती लपवतो, कारण उघडी पडली तर त्याचे दुकान बंद होईल. सिनेमा श्रेयनामावलीत मेकअपमनचे नाव छापतो आणि त्याचा धंदा वाढतो.

आक्षेपाचा उरलेला भाग मात्र खरा आहे. एखाद्या बाईला हडळ ठरवून तिच्या शिक्षेत प्रेक्षकाला सामील करून घेणारा भयपट मेकअप उघड करूनही पूर्वग्रह पक्का करतो. त्यातली युक्ती खोटी असते, पण तिरस्कार खरा. उलट ‘लपाछपी’ (२०१७) उसाच्या शेतात अडकलेल्या गरोदर स्त्रीची भीती दाखवताना बोट मुलगी नको असणाऱ्या घराकडे रोखतो. तेव्हा या प्रकारच्या सिनेमाचे मोल ठरवताना त्यात भूत आहे की नाही हा प्रश्न गौण आहे. तो प्रेक्षकाला जाणता धरतो की भोळा, भयाचे नियम प्रामाणिकपणे पाळतो की नाही, आणि प्रेक्षकाने नेमके कशाला भ्यावे असे त्याला वाटते, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. त्यांतले पहिले दोन चाहते आपसात नेहमीच विचारतात आणि त्यावर तावातावाने भांडतात. तिसरा प्रश्न ते विचारू लागले, तर मराठीत भयपटाची समीक्षा आजच्यापेक्षा पुष्कळ सकस होईल.