काजळी आणि बाभळीचा डिंक

चि. सोनूस,


जपानी शाईचा संच मागवायला तू पैसे मागितलेस. पाठवत नाही. रुसू नकोस, आधी ऐक.

त्यांची सुमी शाई म्हणजे दिव्याची नाहीतर चिडाच्या लाकडाची काजळी, सरसात मळून वाळवलेली वडी. सहाणेवर चंदन उगाळतो तशी दगडावर पाण्यात उगाळायची. आपल्याकडच्या पोथ्याही काजळी नि डिंकाच्या शाईनेच लिहिल्या. तुझ्या आजीला दिव्यावर ताटली धरून काजळ करता येतं, बाभळीला डिंक येतोच. मात्र खाणीतला कोळसा कुटून घालू नकोस. कितीही वाटला तरी रवाळ राहतो. माझा एक चांगला कुंचला त्यात गेला.

आता तू काढलेला बांबू. हात वळलाय, पण बांबू पुस्तकातला आहे. सेश्शू हा तिकडचा थोर चित्रकार. चीनला जाऊन शिकला, १४८६ साली सुमारे १६ मीटर लांबीच्या गुंडाळीवर चारही ऋतू रंगवले, त्यात चिनी वळणाचे डोंगर. पण ऐंशी ओलांडल्यावर त्यानं आपल्याच मुलखातला आमानोहाशिदातेचा किनारा काढला. लहानमोठे कागद जोडून, गावं-देवळांची नावं टाकून. मला तेच चित्र जास्त आवडतं.

तू ऐंशीची वाट कशाला बघतेस? आपल्या राजूर गावची बाभूळ काढ. चुनाभट्ट्यांची धूळ उठली की पलीकडची झाडं अर्धी पुसून जातात ना? जपानी चित्रकार धुकं रंगवत नाही, तेवढा कागद कोरा सोडतो. तू धूळ तशी सोड. पण ती गोड करू नकोस. आजोबांचा खोकला आपण दोघांनी ऐकलाय. जवळची फांदी दाट शाईत, काटे कोरड्या कुंचल्यानं, एकाच दमात. रेघ चुकली तर गिरवायची नाही, कागद बदलायचा. सरावाला रद्दी पुष्कळ.

मोठ्या आकाराचीही हौस नको. आपल्या नागपुरात जन्मलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंडेंना १९८४च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास झेपेनात, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी चित्रं केली.

चित्राच्या पाठीला खळीनं कागद लावणं, खाली दांडी बसवणं मी दिवाळीत आल्यावर शिकवीन. तोवर एक बाभूळ पाठव. पोस्टानं, मोबाइलवर फोटो नको. शाई कागदात किती मुरली, ते मला उजेडात धरून बघायचंय.

तुझा,
मामा