रिकामे पाकीट

संग्रह करणे म्हणजे जपणे, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः प्रत्येक संग्राहक जितके जपतो त्याहून कितीतरी अधिक टाकून देत असतो, आणि त्याने काय टाकले यावरूनच त्याच्या जपण्याचे मोल ठरवावे लागते. टपाल तिकिटांच्या छंदाकडे या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. मुलांना भूगोल शिकवणारा, निरुपद्रवी, इंग्लंडच्या पंचम जॉर्जलाही जडलेला छंद अशी त्याची ख्याती. परंतु तिकीट ही दगडगोट्यांसारखी निसर्गात सापडणारी वस्तू नव्हे. ते कोणीतरी कोणासाठी तरी चिकटवलेले असते. तेव्हा ज्यांच्या हातून ते आले त्या माणसांचे संग्राहक काही देणे लागतो काय, हा प्रश्न उरतोच.

प्रथम दिवस पाकीट, म्हणजे संग्राहकांच्या बोलीतले ‘फर्स्ट डे कव्हर’, हा या छंदातला सर्वांत देखणा प्रकार. नवे स्मरणार्थ तिकीट निघाले की टपाल खाते त्याच विषयाचे चित्र असलेले पाकीट काढते आणि त्यावरचे तिकीट त्या प्रसंगापुरत्या खास शिक्क्याने रद्द केले जाते. दाते शाबूत, शाई स्वच्छ, कागद कोरा करकरीत. त्या पाकिटात नसते ते फक्त पत्र. बहुधा पत्ताही नसतो. कोणी कोणाला काही कळवलेले नसते, कोणी पोस्टमनची वाट पाहिलेली नसते. राष्ट्राने स्वतःलाच धाडलेले ते अभिनंदनपत्र आहे, असे म्हटले तर माझे संग्राहक मित्र रागावतात. मी त्याला खोटे म्हणत नाही. उत्सवालाही आपले सत्य असते. पण ते उत्सवाचे सत्य आहे एवढे ध्यानात ठेवावे.

याच्या अगदी उलट गत वापरलेल्या तिकिटाची. आलेल्या पत्राचा कोपरा कापायचा, तो कोमट पाण्यात भिजवायचा, डिंक सुटला की तिकीट टीपकागदावर वाळवायचे आणि चिमट्याने उचलून वहीत लावायचे, ही रीत कित्येक पिढ्यांनी शाळकरी वयात शिकली. पाकीट केरात जाई. त्या पाकिटावर काय होते? गावाचा शिक्का, तारीख, हस्ताक्षर. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांपुरते बोलायचे तर हे नुकसान लहान नाही. १९६१पर्यंत मुंबईहून पेडण्यास येणारे पत्र तेरेखोलच्या अलीकडे-पलीकडे नुसते जिल्हा बदलत नव्हते, राज्यसत्ता बदलत होते. आपण ज्याला डिचोली म्हणतो त्याला सरकारी रोमी लिपीने ‘बिचोलिम’ केले, साखळीचे ‘सांकेलिम’ केले. आणि पाकिटावर पत्ता लिहिणारा मुंबईकर चाकरमानी मात्र आपल्या वळणाने, कधी देवनागरीत, गावाचे नाव लिहीत असे. एकाच कागदावर गावाची दोन नावे शेजारी येत. पूर्व आफ्रिकेत गेलेल्या गोमंतकीयांच्या पत्रांवर केनिया-युगांडा-टांगानिकाची किंवा मोझांबिकची तिकिटे असत. वहीत आज ती ‘आफ्रिका’ या मथळ्याखाली रांगेने बसलेली दिसतात. कोणत्या घरात आली, कोणत्या साली आली, हे पाण्याबरोबर गेले.

३१ जुलै २००८ रोजी भारतीय टपाल खात्याने दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे तिकीट काढले. गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने प्राचीन आहत नाणी एकेक करून तोलली. नाणे हातोहात फिरताना झिजते, त्याचे वजन घटते. त्या घटीवरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज त्यांनी संख्याशास्त्राच्या आधारे बांधला. दुसऱ्यांना जो दोष वाटला असता तो त्यांना पुरावा वाटला. त्यांच्याच तिकिटाचे प्रथम दिवस पाकीट आज आपण प्लास्टिकच्या आवरणात बोट न लावता ठेवतो, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

आता अधिक अवघड गोष्टीकडे वळू. पोर्तुगीज हिंदुस्थानची पहिली तिकिटे १८७१ सालची. १८९८मध्ये वास्को द गामाच्या आगमनाची चारशे वर्षे साजरी करणारी तिकिटे निघाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, अनेकांनी तेथे देह ठेवला. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९५६मध्ये, हिंदुस्थानातील पोर्तुगीज वसाहतीच्या साडेचारशे वर्षांनिमित्त जुन्या राज्यकर्त्यांच्या मुद्रा असलेली देखणी तिकीटमाला प्रसिद्ध झाली. ज्याच्या घरातला कोणी त्या सीमेवर उभा होता त्याने ही माला वहीत ठेवावी काय? ती पाने फाडून टाकणारे देशाभिमानी मी समजू शकतो. त्यांच्याशी सहमत मात्र होऊ शकत नाही. जपणे म्हणजे गौरवणे नव्हे. रक्त वाळण्यापूर्वी सत्ता स्वतःचे चित्र कसे काढते हे त्या तिकिटांइतके स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसेल? अट एवढीच की त्यांच्या शेजारी पत्रादेवीलाही जागा हवी. ती जागा टपालात उशिरा मिळाली: १९ डिसेंबर २०२१ रोजी पणजीत पंतप्रधानांच्या हस्ते पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाचे चित्र असलेला ‘माय स्टॅम्प’ प्रकाशित झाला. हा प्रकार म्हणजे ठरावीक तिकिटालगत हवे ते चित्र छापून देण्याची योजना. स्मरणार्थ तिकिटाची पायरी वेगळी. हा भेद संग्राहकाला कळतो, आणि कळल्यावर तो थोडा बोचावाही.

मुक्तीनंतर २९ डिसेंबर १९६१पासून गोव्यात भारतीय तिकिटे लागू झाली आणि जुनी तिकिटे ५ जानेवारी १९६२पर्यंत स्वीकारली गेली. त्या आठ दिवसांतले एखादे मळके, घडी पडलेले पाकीट, डिचोलीच्या कोण्या दुकानदाराने वसुलीसाठी धाडलेले का असेना, माझ्या लेखी साऱ्या गुळगुळीत पाकिटांहून श्रेष्ठ होय. यानंतरही पोर्तुगालने आपल्या गेलेल्या वसाहतीच्या नावाने तिकिटे छापली. ती येथे कधी विकलीच गेली नाहीत. संग्राहकांच्या सूच्यांत मात्र त्यांचीही नोंद आढळते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पाकीट अखंड ठेवायचे म्हणजे परक्याचे नाव, पत्ता आणि कधीकधी आतले पत्रही आपल्या ताब्यात घ्यायचे. कोणा आईने मुलाला लिहिलेले दैन्य बाजारात मांडण्याचा अधिकार तिकिटाच्या खरेदीने मिळत नाही. जुन्या घरातली ट्रंक विकायला निघते तेव्हा हा पेच प्रत्यक्ष उभा राहतो, कारण घेणारा पाकिटासकट आतला मजकूरही मागतो. माझे मत असे की पत्र घरच्यांनी काढून ठेवावे आणि पाकीट न कापता द्यावे. किंमत थोडी कमी येईल. तिकिटापुरता कोपरा मागणाऱ्याला मात्र ट्रंक दाखवू नये.