जोहाराचे उत्तर

झारखंडातील संथाळ व मुंडा बांधव भेटले की एकमेकांना 'जोहार' म्हणतात. त्या शब्दात आदर आहे आणि बरोबरीही आहे. महाराष्ट्रात मात्र हाच शब्द पिढ्यानपिढ्या एकाच दिशेने गेला. महाराने वरच्या जातींपुढे वाकून जोहार घालायचा. त्याला कोणी जोहार घालीत नसे. चोखोबांनी आपल्या अभंगात तो विठ्ठलचरणी वाहिला, तरी गावकुसाबाहेर त्याचा अर्थ पालटला नाही. विसाव्या शतकात 'जय भीम' आला. त्याचे उत्तरही 'जय भीम' हेच असते, आणि आम्हांस या उत्तराचे मोल फार वाटते.

मग नम्रता शब्दात असते, की तो परत करण्यात? १९६९ साली भारतातील बिशपांना उपासनाविधीतील बारा बदलांची अनुमती रोमकडून मिळाली. मिस्सेतील शांतिचिन्हासाठी अंजली आली ती त्यांतूनच. जोडलेल्या हातांत धर्मगुरू कोण आणि प्रापंचिक कोण, हे ओळखू येत नाही.

मिस्सा संपते, आणि चर्चच्या आवारात ते पुन्हा ओळखू येऊ लागते. झाडलोट करणारी बाई हात जोडते. बहुतेक जण मान हलवून पुढे जातात. आपल्याच भावांना सलाम केला तर त्यात विशेष ते काय, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात विचारले आहे. लहानाने मोठ्याला आधी नमस्कार करावा, ही आमच्या गावांची जुनी रीत. ती बाई साठी ओलांडलेली आहे.