कुजणारं लाकूड

“भीमाशंकरला गेलास आणि शेकरू सोडून हे कुजकं लाकूड टिपत बसलास?” माझे फोटो चाळताना एका ज्येष्ठ छायाचित्रकाराने विचारलं. प्रश्न मनातून जाईना.

शेकरू आपला राज्यप्राणी, १९८५मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य त्याच्यामुळेच ओळखलं जातं, हे सगळं मान्य. पण मेलेलं लाकूड आणि कुजणारं लाकूड यांत मी फार मोठा फरक करतो. घराच्या आढ्याचं लाकूड मेलेलं असतं. जंगलात पडलेला ओंडका कुजतो, म्हणजे त्यात जीवांची गर्दी असते. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन फार थोड्यांना पचतं. काही बुरशा ते फोडतात, तेव्हा लाकूड पांढुरकं, तंतूतंतू होतं. मग भुंग्यांच्या अळ्या, गोमी आणि वाळवी आत शिरतात. शेवटी त्याच भुसभुशीत ओंडक्यावर एखादं रोप मूळ धरतं. शेकरूचं उद्याचं झाड तिथूनच येणार.

जुन्या देवराया राखणाऱ्यांना हे कळलं होतं की नाही, कोण जाणे. पण अनेक देवरायांत पडलेली काटकीही घरी न्यायची नाही, असा दंडक होता. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवाच्या धाकाने राखलेलं किती रान अजून शिल्लक आहे हे पुढे आलं. त्या धाकाने उभी झाडं राखली, तशी कूजही राखली. आपण मात्र जंगल झाडूनपुसून ठेवायला निघालो आहोत.

ज्येष्ठांचा दुसरा आक्षेप चमकणाऱ्या बुरशीवर होता. पावसाळ्यात भीमाशंकरच्या ओल्या लाकडावर ती रात्री उजळते. “डोळ्याला फिकट दिसतं, फोटोत हिरवंगार. हे खोटं नाही?” मी म्हटलं, नाही. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. कॅमेरा शटर उघडं ठेवून तोच प्रकाश साठवतो. हिरवा रंग बुरशीचाच.

तरीही त्या फोटोत काहीतरी खटकतं, हे मला बोलता बोलताच जाणवू लागलं. काळ्या पार्श्वभूमीवर नुसता हिरवा उजेड. लाकूड कुठेच नाही. ज्या कुजण्यातून तो उजेड येतो, तेच चौकटीबाहेर. आणि असे फोटो पाहून येणारी गर्दी अंधारात याच ओंडक्यांवर, याच पालापाचोळ्यावर पाय देते.

म्हणून आता मला एकच सुंदर फोटो अपुराच वाटतो. एकाच ओंडक्याचे, एकाच जागेवरून, दरवर्षी दिवसाउजेडी काढलेले साधे फोटो हवेत: साल सुटताना, लाकूड खचताना, रोप उगवताना. जागेचा पत्ता न देता. स्पर्धांचे परीक्षक अशा मालिकेला ‘विषय नाही’ म्हणून बाजूला ठेवतील. तिच्यासाठी स्वतंत्र विभाग मागायला हवा, आणि तो मी मागणार आहे.